दुभंगलेला संसार आणि दत्तूची आई

आई-वडील विभक्त झाले की मूल कोणाकडे राहणार, ते कोणत्या गावी वाढणार आणि उद्या एकाने त्याला घेऊन दूरदेशी जायचे ठरवले तर दुसऱ्याची संमती लागणार की नाही, हे प्रश्न आजच्या शहरी कुटुंबांना नवे राहिलेले नाहीत. नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांत तर या प्रश्नांना पासपोर्ट, व्हिसा आणि दोन देशांची न्यायालये अशा गाठी बसतात. मात्र नाशिककरांना या प्रश्नाचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. एकशेतीस वर्षांपूर्वी गोदाकाठच्या जलालपूर गावची एक सव्वीस वर्षांची स्त्री याच प्रश्नासमोर उभी होती. तिच्या कडेवर जेमतेम चार वर्षांचा मुलगा होता. नवरा जिवंत होता, प्रेमळ होता, पण तिच्या जगातून पलीकडे निघून गेला होता. त्या स्त्रीचे नाव लक्ष्मीबाई टिळक.

'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रामुळे लक्ष्मीबाईंचे नाव मराठी वाचकांच्या ओठी आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी, निर्मळ विनोदाची लेखिका, शाळेत न जाता मराठी गद्यात मानाचे स्थान मिळविणारी बाई, अशी त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांतूनही होते. पण १८९५ ते १९०० ही जी पाच वर्षे त्यांनी काढली, त्यांकडे एका विभक्त आईची वर्षे म्हणून क्वचितच पाहिले जाते.

जलालपूरचे गोखले

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. माहेरचे नाव मनकर्णिका, घरात मनू. गोखल्यांचे हे घर नाशिकजवळच्या जलालपूरचे. घरावर एका जुन्या आघाताची सावली होती. १८५७ च्या धामधुमीत मनूच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिले होते. त्या घटनेनंतर मनूच्या वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्याने असे काही घर केले, की बाहेरून आलेले धान्य आणि मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात घेतले जात नसे. विटाळाच्या या अखंड भीतीत मनूचे बालपण गेले. शिवाशिवीची ही शिकवण तिच्या अंगात किती भिनली होती, हे पुढे कळणार होते.

वयाच्या अकराव्या वर्षी, १८८० मध्ये, तिचे लग्न नारायण वामन टिळकांशी झाले. टिळक मूळचे कोकणातले, पण शिक्षणासाठी नाशिकला आलेले. वडिलांच्या तापट स्वभावामुळे आणि आईच्या मृत्यूमुळे लहानपणीच घराबाहेर पडलेल्या या मुलाला गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानांकडे संस्कृत शिकायला मिळाले. बुद्धी तल्लख, कवित्वाची देणगी, मन उदार. पण पाय एका जागी ठरत नसत. नोकरी लागे, सुटे. मनात आले की ते न सांगता निघून जात. पत्नीने कधी माहेरी, कधी सासरी, कधी नातलगांकडे दिवस काढावेत आणि एके दिवशी नवऱ्याचे पत्र यावे, असा संसार चालला. बायकोला अक्षरओळख त्यांनीच करून दिली. दोघांचे भांडण होई, रुसवे होत, आणि तितक्याच सहज ते मिटतही. आधीची अपत्ये गमावल्यावर १८९१ मध्ये देवदत्त जन्माला आला. घरात तो दत्तू झाला.

धर्मांतराची बातमी

नागपूरला टिळक अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. 'ऋषी' नावाचे मासिकही त्यांनी चालविले. पुढे ते राजनांदगाव संस्थानात नोकरीला गेले. जातिभेद आणि रूढी यांच्याविषयी त्यांच्या मनात कधीपासून खळबळ होती. रेल्वेच्या प्रवासात भेटलेल्या एका परदेशी गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार वाचायला दिला आणि त्या खळबळीला दिशा मिळाली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंपर्यंत पोहोचली तेव्हा त्या पतीजवळ नव्हत्या, नातलगांत होत्या. आजच्या वाचकाला या धक्क्याची तीव्रता समजण्यासाठी थोडे थांबावे लागेल. त्या काळच्या ब्राह्मण घरात ख्रिस्ती होणे म्हणजे केवळ श्रद्धा बदलणे नव्हते. त्या माणसाच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्या पंक्तीला बसता येत नसे, आणि त्याच्याबरोबर राहणारी बायकोही जातीबाहेर पडे. नवरा वारला असता तर समाजाने विधवेचे कठोर का होईना, एक ठरलेले जिणे तिला दिले असते. येथे नवरा हयात, कपाळी कुंकू कायम, पण संसार नाही, असा प्रकार होता. सधवा म्हणून मिरवता येईना आणि विधवा म्हणून रडता येईना. लक्ष्मीबाईंची मनःस्थिती वेडाच्या काठापर्यंत गेली. याच काळात त्यांच्या मनातले कागदावर ओळींच्या रूपाने उतरू लागले. त्यांच्यातल्या कवयित्रीचा जन्म असा विरहात झाला.

मूल कोणाचे?

या सगळ्यात दत्तूचे काय, हा प्रश्न सर्वांत नाजूक होता. नातलगांना वाटत होते, की मूल आईपाशी आणि पर्यायाने जातीत राहावे. बाप येऊन त्याला घेऊन गेला तर कुळाचा अंकुर गेला, ही त्या काळी अशा प्रत्येक घराची धास्ती असे. दुसरीकडे कायदा बापाच्या बाजूने होता. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म किंवा जात बदलल्यामुळे माणसाचे हक्क जाणार नाहीत, असे ठरविले होते. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा नुकताच आला होता. त्यानुसार बाप हयात असेल आणि अपात्र ठरत नसेल, तर न्यायालयाला दुसरा पालक नेमता येत नसे. म्हणजे टिळक न्यायालयात गेले असते तर मुलावरचा त्यांचा हक्क नाकारणे कठीण होते.

एवढेच नव्हे, १८६६ चा एक कायदा ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीसाठीच केलेला होता. धर्मांतरामुळे जोडीदाराने सलग सहा महिने सोबत राहण्याचे नाकारले, तर धर्मांतरिताला न्यायालयात दाद मागता येत असे. न्यायाधीशाने दुसऱ्या बाजूची इच्छा विचारायची, विचाराला वेळ द्यायचा आणि तरीही नकार कायम राहिला तर विवाह मोडून धर्मांतरिताला पुनर्विवाहाची मुभा द्यायची, अशी त्याची रीत होती. टिळकांना हे दार उघडे होते. त्यांनी ते ठोठावले नाही. त्यांनी ना मुलासाठी दावा लावला, ना दुसरे लग्न केले. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात ते राहिले आणि पत्नीला पत्रे लिहीत राहिले.

लक्ष्मीबाईंनीही दोर कापून टाकला नाही. त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यांच्याकडे ना पैसा होता, ना शाळेचे शिक्षण, ना स्वतःचे घर. होता तो मुलगा आणि नातलगांचा आधार. बहीण भिकूताई आणि मेहुणे नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. दत्तूला घेऊन त्या पंढरपूरला राहिल्या. पंढरपूरपर्यंत तेव्हा रेल्वे पोहोचलेली नव्हती; ती आली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. नाशिकहून तेथे जायचे म्हणजे लांबचा वळसा आणि शेवटचा टप्पा गाडीरस्त्याचा. लहान मुलाला घेऊन, दुसऱ्यांच्या आधाराने, परक्या गावी बिऱ्हाड हलविणे हे त्या काळी आजच्या परदेशगमनाइतकेच मोठे स्थलांतर होते. गाव विठोबाचे, पण लोकांच्या जिभा गावोगाव सारख्याच. नवरा बाटला, ही कुजबुज आईबरोबर मुलाच्याही कानी पडत असणार.

समुद्रापलीकडची दुसरी आई

याच प्रश्नाची दुसरी, थेट परदेशातली बाजू पाहायची असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे लागेल. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन रमाबाई इंग्लंडला गेल्या. सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. येथे मुलीवर हक्क सांगायला बाप नव्हता. तरीही मुलगी आपल्या विचाराने वाढवणे आईला सोपे गेले नाही. मनोरमेवर कोणते धार्मिक संस्कार करायचे, यावरून ज्या अँग्लिकन भगिनींनी मायलेकींना आश्रय दिला त्यांच्याशीच रमाबाईंचे तीव्र मतभेद झाले. आश्रय देणाऱ्यांचे उपकार मानूनही मुलीच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, ही भूमिका रमाबाईंनी सोडली नाही.

एक आई साता समुद्रापलीकडे, दुसरी पंढरपुरात. एकीभोवती मिशनच्या भगिनी, दुसरीभोवती कर्मठ आप्त. परंतु पेच एकच होता. ज्यांच्या छताखाली मूल वाढते, ते हळूहळू मुलाविषयीचे निर्णयही आपल्या हाती घेऊ पाहतात. एकट्या आईला आसरा मिळतो तो बहुधा अशा किमतीवर. लक्ष्मीबाईंना हे पंढरपुरात पुरते उमगले असावे. कारण पुढचे पाऊल त्यांनी उचलले ते नातलगांच्या मताविरुद्ध.

अटी घालून परत

विभक्त राहण्याला चार-पाच वर्षे होत आली तेव्हा लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला गेल्या. हे परतणे शरणागतीचे नव्हते. धर्म बदलण्याचा विचारही तेव्हा त्यांच्या मनात नव्हता. प्रथम त्यांनी वेगळे बिऱ्हाड केले. नवऱ्याच्या गावात राहायचे, मुलाला बापाची भेट घडू द्यायची, पण आपले सोवळे, आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवायचे, असा हा मधला मार्ग होता. पुढे एका छपराखाली आल्यावरही चूल वेगळीच राहिली. टिळकांनी ही अट मानली. स्वतः ज्या रूढींवर तुटून पडत, त्याच रूढी पत्नीला आपल्या घरात पाळू देण्याचा मोठेपणा त्यांनी दाखविला.

हा काळही सुखाचा नव्हता. १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातले होते आणि त्याच्या जोडीला दुष्काळ होता. १८९९-१९०० चा दुष्काळ तर छप्पन्नचा दुष्काळ म्हणून लोकांच्या स्मरणात राहिला. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची रीघ लागली होती. जातगोत न विचारता या मुलांना जवळ करणारी माणसे लक्ष्मीबाई रोज पाहत होत्या. जलालपूरच्या घरात मिठापर्यंत पोहोचलेला विटाळ त्यांना हळूहळू निरर्थक वाटू लागला. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी कोणाच्या उपदेशाने नव्हे, आपल्या मनाशीच सोडविला. आधी शिवाशिव सुटली. श्रद्धेचा प्रश्न त्यानंतर आला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतराचा निर्णय योग्य की अयोग्य, हा प्रत्येकाच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. येथे लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी. पाच वर्षे नवऱ्याने बोलावले म्हणून त्या गेल्या नाहीत आणि नातलगांनी अडविले म्हणून थांबल्या नाहीत. आपल्या मनाची तयारी होईपर्यंत त्यांनी वेळ घेतला आणि तो वेळ टिळकांनी त्यांना दिला.

अनेकांची आई

पुढचा संसार अहमदनगर आणि राहुरी येथे झाला. पगार तुटपुंजा आणि टिळकांचा हात सैल. खिशातले पैसे समोर येईल त्या गरजवंताला देऊन ते घरी येत, आणि चूल पेटविण्याची चिंता लक्ष्मीबाईंची असे. तरीही या घरात अनाथ मुले येत राहिली, वाढत राहिली. ठोंबरे नावाचा एक भावुक तरुण कवी या घरात मुलासारखा राहिला. तोच मराठीचा बालकवी. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला, तेव्हा लक्ष्मीबाईंना पोटचे मूल गेल्याचे दुःख झाले. प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करण्यातही त्या मागे राहिल्या नाहीत. परक्या घरी आश्रित म्हणून राहण्याचे दुःख स्वतः भोगलेले असल्यामुळे आपल्या घरी आलेल्या मुलाला आश्रित वाटू न देण्याची कला त्यांना साधली असावी.

टिळकांनी अखेरच्या वर्षांत मिशनच्या चौकटीबाहेर 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली आणि ते साताऱ्याला राहू लागले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंवर पुन्हा एकटेपण आले. या खेपेला मात्र मुलगा मोठा झाला होता आणि त्या स्वतःही पूर्वीच्या राहिल्या नव्हत्या. मुंबईत त्यांनी काही दिवस काढले, काही काळ त्या कराचीतही राहिल्या. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. आज तेथे जायचे तर पासपोर्ट लागेल. उतारवयात त्या नाशिकला स्थिरावल्या. जलालपूरपासून सुरू झालेला प्रवास गोदावरीच्याच परिसरात येऊन थांबला.

मुलाच्या हाती आईचे लेखन

नाशिकमध्येच 'स्मृतिचित्रे' आकाराला आली. शाळेचे तोंड न पाहिलेली बाई आपले आयुष्य लिहू लागली, तेव्हा त्या लेखनामागे उभा होता तो देवदत्त. ज्याच्या बालपणावर दोन घरे, दोन धर्म आणि दोन गावे यांनी हक्क सांगितला होता, तोच. आईने लिहावे म्हणून त्याने पाठपुरावा केला आणि लिहिलेले जुळवून छापण्याची व्यवस्था केली. १९३४ पासून या आत्मचरित्राचे भाग प्रसिद्ध होऊ लागले आणि मराठी वाचक थक्क झाला. नवऱ्याच्या विक्षिप्तपणावर हसणारी, स्वतःच्या अडाणीपणावर त्याहून अधिक हसणारी, आणि कोणाविषयीही कटुता न ठेवणारी अशी लेखणी मराठीत पूर्वी दिसली नव्हती. ज्या नातलगांनी त्यांना अडविले, त्यांचीही चित्रे त्यांनी मायेने रेखाटली.

टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरू केले होते. काही अध्याय झाल्यावर ते अपुरे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. एकेकाळी ज्या ग्रंथाने त्यांचा संसार दुभंगला, त्याच ग्रंथातील कथेवर पतीने आरंभलेले काव्य पत्नीने पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंचे निधन झाले. देवदत्त टिळकांनी पुढे 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे संपादन केले आणि आई-वडिलांचे साहित्य जपण्याचे काम आयुष्यभर केले.

आजचा कायदा, जुना प्रश्न

लक्ष्मीबाईंच्या काळापासून कायदा बराच पुढे आला आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातही बापाला पहिला नैसर्गिक पालक म्हटले होते. पाच वर्षांखालील मूल मात्र सामान्यतः आईकडे राहावे, असे त्यात नमूद झाले. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाप हयात असतानाही आई पालक ठरू शकते, असा अर्थ लावला. मुलाचे हित सर्वांत महत्त्वाचे, हे तत्त्व न्यायालये आता सातत्याने मांडतात. अज्ञान मुलाच्या पासपोर्टसाठी साधारणपणे दोन्ही पालकांची संमती मागितली जाते. मात्र एका पालकाने मूल एका देशातून दुसऱ्या देशात परस्पर नेले तर त्याला परत पाठविण्याविषयीचा १९८० चा हेग करार भारताने स्वीकारलेला नाही. त्यामुळे अशी प्रकरणे येथील न्यायालयांत एकेक करून, त्या त्या मुलाच्या हिताचा विचार करून सोडवावी लागतात, आणि त्यात मुलाची कोवळी वर्षे सरून जातात.

कायदा मूल कोणाकडे राहील ते ठरवू शकतो. दुसऱ्या पालकाविषयी त्याच्या मनात काय राहील, ते ठरवू शकत नाही. ती जबाबदारी आई-बापांचीच असते. टिळक पती-पत्नींचा मतभेद लहानसहान नव्हता. त्या काळच्या मोजमापाने तो देव आणि जात यांवरचा, म्हणजे न मिटणारा मतभेद होता. तरीही बापाने कायद्याचा हक्क असून मूल ओढून नेले नाही आणि आईने मूल हाती असून बापाचे दार बंद केले नाही. या दोन गोष्टी घडल्या नसत्या तर दत्तूला बहुधा एकच पालक उरला असता. त्या घडल्या, म्हणून मोठेपणी त्याने दोघांचेही लेखन सारख्याच आस्थेने सांभाळले. 'स्मृतिचित्रे' आज आपल्या हाती आहे, ती या समंजसपणामुळेही.